एकट्याने पाण्यात उतरताना

जाणूनबुजून धोक्यात एकट्याने शिरण्याचा अधिकार माणसाला आहे काय? प्रश्न असा उघड विचारला की बहुतेकांचे उत्तर तयारच असते. साहसाची आवड असणारे म्हणतात, जीव ज्याचा त्याचा. इतरांनी त्यात पडू नये. घरची माणसे म्हणतात, मुळीच नाही. ज्याला आईबाप आहेत, बायकामुले आहेत, त्याचा जीव त्याच्या एकट्याचा नसतो. दोन्ही उत्तरांत तथ्य आहे, आणि तरीही दोन्ही आम्हांला घाईची वाटतात. दोन्ही पक्ष केवळ जाण्याविषयी बोलतात. जाण्यापूर्वी काय केले, कोणाला सांगितले, अर्ध्यावरून परत फिरण्याची मनाची तयारी कितपत होती, हे कोणीच विचारीत नाही. नीतीचा खरा प्रश्न आमच्या मते तेथेच दडलेला आहे. म्हणून एक अगदी नेमके उदाहरण घेऊन तो तपासून पाहावा असे वाटते. ते उदाहरण म्हणजे पाठीवर हवेचे नळकांडे बांधून समुद्राच्या पोटात एकट्याने उतरू पाहणारा माणूस, आणि त्याची तयारी.

गिरगावकरांना हे उदाहरण काहीसे परके वाटेल. समुद्र आमचा शेजारी खरा. चर्नी रोडचा पूल ओलांडला की चौपाटी. पण हा शेजार वाळूपुरता. संध्याकाळी वारा खायला जावे, मुलांना भेळ घ्यावी, अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या गर्दीत कडेला उभे राहून पाहावे आणि घरी यावे. कोणी पाण्यात जरा पुढे जाऊ लागला की जीवरक्षकाची शिट्टी वाजते, आणि ती वाजते हेच बरे. मुंबईच्या पाण्यात खाड्यांचा गाळ आणि शहराची घाण मिसळते. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतील फरक साडेचार मीटरांच्याही वर जातो. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले तर स्वतःचे पाय दिसत नाहीत. समुद्राच्या आत काय असते ते गिरगावातील दोन-तीन पिढ्यांनी पाहिले ते १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेतून, तिकीट काढून.

गेल्या वीसेक वर्षांत मात्र चित्र पालटले आहे. गिरगावच्या चाळींतून मालवण-वेंगुर्ल्याकडची मंडळी पूर्वापार राहत आली. त्यांच्या गावच्या समुद्रात, तारकर्लीला आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, स्कूबा डायव्हिंग सुरू झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्लीत प्रशिक्षण संस्थाही उभारली. आता मे महिन्यात गावी जाऊन आलेली मुले आंब्याफणसांबरोबर पाण्याखाली काढलेली छायाचित्रेही घेऊन येतात. त्यात काही गैर नाही. परंतु या उतरण्याला डुबकी म्हणावे की नाही, हा प्रश्नच आहे. किनाऱ्यावर थोडा वेळ सूचना मिळतात, हाताच्या चार खुणा शिकविल्या जातात, आणि मग प्रशिक्षक पाहुण्याच्या पाठीवरचे नळकांडे धरून त्याला खाली नेतो, मासे दाखवतो व वर आणतो. कडेवर बसून बाजार पाहून आलेल्या मुलाने आपण बाजार केला असे म्हणावे, तसा हा प्रकार. कडेवर बसण्यात कमीपणा नाही. आपण चाललो असे वाटू लागणे, यात धोका आहे.

धोका येतो तोही नेहमी अपेक्षित दिशेने येत नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीच्या किनाऱ्याजवळ पर्यटकांना घेऊन परतणारी बोट उलटली आणि दोघांचा अंत झाला. सर्वांचे लक्ष पाण्याखालच्या भयाकडे असताना मृत्यू पाण्याच्या पृष्ठभागावरच वाट पाहत होता.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण या वरवरच्या अनुभवावर थांबला नाही. त्याने रीतसर शिक्षण घेतले, प्रमाणपत्र मिळवले, सुट्ट्या जोडून तीसेक वेळा तो समुद्रात उतरला. एका रविवारी मिस्सानंतर देवळाच्या पायऱ्यांवर त्याने आम्हांला गाठले. ''अंकल, दर वेळी जोडीदार मिळत नाही हो. गेल्या खेपेला दोन दिवस नुसता किनाऱ्यावर बसून आलो. एकट्याने उतरलो तर ते पाप होईल का?'' विचारताना तो हसत होता, पण प्रश्न थट्टेचा नव्हता. आम्ही त्याला होय म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. ''तुझी तयारी काय आहे ते आधी सांग,'' इतकेच म्हणालो. आणि मग त्याने जे सांगितले, आम्ही जे वाचले व जाणकारांना विचारले, त्यातून हा विचार वाढत गेला.

प्रथम जोडीदार कशाला लागतो ते समजून घेतले पाहिजे. हा सगळा हिशेब हवेचा आहे. बारा लिटरच्या नळकांड्यात वातावरणाच्या दोनशेपट दाबाने भरलेली हवा म्हणजे बाहेर मोजली तर २४०० लिटर. शांतपणे श्वास घेणाऱ्याला मिनिटाला २० लिटर लागतात असे धरले, तर ती दोन तास पुरावी. पण पाण्यात दर दहा मीटरांना एका वातावरणाचा दाब वाढतो. वीस मीटर खोलीवर दाब तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. दोन तासांची पुंजी चाळीस मिनिटांत संपते. आणि माणूस घाबरला तर तो दुप्पट-तिप्पट श्वास घेऊ लागतो. मग वीस मिनिटेही उरत नाहीत. बरे, जीव घुसमटला म्हणून वर धाव घ्यावी तर तीही सोय नाही. श्वास रोखून वर आले तर छातीतील हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. फार वेगाने आले तर शरीरात विरलेल्या नत्रवायूचे बुडबुडे होऊन माणूस कायमचा पंगू होऊ शकतो. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरांहून अधिक वेगाने वर यायचे नाही, पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबायचे, असे शिकवितात. ज्याच्या नळकांड्यात हवा उरलेली नाही त्याला हे तीन मिनिटांचे थांबणे कोण देणार? जोडीदार. त्याच्या अंगावर एक जादा मुखनळी असते ती याचसाठी. आपली पाठ आपल्याला दिसत नाही. पाठीमागे जाळ्याचा दोरा अडकला तर तो सोडवणारा हात दुसऱ्याचाच असतो.

१९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी हे यंत्र सिद्ध केल्यानंतर हौशी लोकांना ते शिकविणाऱ्या बहुतेक संस्थांनी 'एकट्याने उतरू नका' हा नियम पहिल्या धड्यात घातला. प्रभूनेही शिष्यांना गावोगावी धाडले ते दोघादोघांनी. एवढे म्हणून हा लेख येथेच संपवता आला असता.

परंतु जोडीच्या नियमाला एक कीड लागते, आणि ती अनुभवी लोकांनीच दाखवून दिली आहे. दोघे उतरतात तेव्हा पुष्कळदा एकजण दुसऱ्याच्या भरवशावर उतरतो. हवेचा काटा तो पाहील, दिशा तो लक्षात ठेवील, वेळ झाली की तो खूण करील. दुसऱ्याचाही तोच समज असला म्हणजे भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो. दोन अर्धवट तयार माणसे एकत्र आली म्हणून एक पूर्ण तयार माणूस होत नाही. उलट एकाच्या घाबरण्याने दोघांचा जीव जातो. ज्याला स्वतःला सांभाळता येत नाही तो सोबती नव्हे, ओझे होय. सोबत हा सद्गुण खरा, पण सोबतीच्या नावाखाली आपण कितीदा स्वतःचा भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून मोकळे होतो! संसारातही हे दिसते. तेथे त्याला विश्वास असे गोंडस नाव मिळते.

बहुधा या जाणिवेतूनच पुढे उलट विचार सुरू झाला. १९९९ साली स्कूबा डायव्हिंग इंटरनॅशनल या संस्थेने एकट्याने उतरण्याचा स्वतंत्र अभ्यासक्रम काढला; काही वर्षांनी इतर संस्थांनीही स्वावलंबी पाणबुड्याचे शिक्षण या नावाने तसेच वर्ग सुरू केले. आम्हांला वाटले होते की अशा वर्गात धाडस शिकवत असतील. पाहतो तो प्रकार अगदी निराळा. प्रवेशालाच अट अशी की वय एकवीस पूर्ण असावे आणि शंभर डुबक्यांची नोंद वहीत असावी. म्हणजे आमच्या तरुण मित्राच्या तीस डुबक्या तिपटीने वाढल्या तरी त्याला दारातच उभे राहावे लागेल. मग साहित्याची पाहणी. मुख्य नळकांड्याखेरीज दुसरे लहान नळकांडे, स्वतःच्या वेगळ्या मुखनळीसह. कारण जोडीदाराच्या अंगावर जी जादा हवा असते ती आता आपल्याच अंगावर हवी. डोळ्यांवरचा मुखवटा एक फुटला तर दुसरा. जाळे कापायला एक नव्हे, दोन धारदार साधने, आणि दोन्ही हातांना पोचतील अशा जागी. वर बोटीला आपली जागा कळावी म्हणून फुगवून सोडायचा खुणेचा फुगा. आणि या सर्वांहून महत्त्वाचे म्हणजे आपण मिनिटाला किती हवा घेतो याचे स्वतः मोजून काढलेले, कागदावर लिहिलेले गणित. गुहांत उतरणाऱ्यांचा जुना नियम येथेही वापरतात : एक तृतीयांश हवा जाण्याला, एक तृतीयांश येण्याला, आणि उरलेल्या एक तृतीयांशाला हात लावायचा नाही.

मग सराव. मुखवटा काढून, डोळे मिटून, मुखनळी बदलायची, पुन्हा बदलायची, हाताला आपोआप वळण लागेपर्यंत बदलायची. आणि शेवटी मर्यादा. एकट्याने नेहमीपेक्षा कमी खोल जायचे. बुडालेल्या जहाजाच्या पोटात किंवा गुहेत शिरायचे नाही. अनोळखी जागी उतरायचे नाही. थकवा, सर्दी किंवा मनात काही सलत असेल तर उतरायचेच नाही. एकट्याचे स्वातंत्र्य जोडीच्या स्वातंत्र्याहून आकुंचित असते, हे वाचून आम्ही थबकलो. एकटा गेला म्हणजे मोकळा झाला, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात त्याने आपल्याभोवती अधिक कुंपणे घातलेली असतात.

यावरून आम्हांला सहाव्या शतकातील एका जुन्या नियमाची आठवण झाली. संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी जी नियमावली लिहिली तिच्या पहिल्याच अध्यायात त्यांनी मठवासीयांचे प्रकार सांगितले आहेत. त्यांत एकांतवासी तपस्व्यांचा प्रकार ते मानाने सांगतात. पण कोणाला एकांतवासी म्हणावे याविषयी त्यांची अट कडक आहे. नव्या उत्साहाच्या भरात जो अरण्याकडे धावतो तो नव्हे. दीर्घकाळ मठात राहून, अनेक बंधूंच्या साहाय्याने जो झुंजायला शिकला, ज्याची परीक्षा इतरांनी घेतली, तोच पुढे एकट्याने झुंजायला निघू शकतो. एकटेपणाचा अधिकार समूहात राहून कमवायचा असतो. शंभर डुबक्यांच्या अटीमागे आणि मठातील उमेदवारीमागे आम्हांला एकच शहाणपण दिसते. जो चांगला सोबती होऊ शकला नाही त्याला एकट्याने जाण्याचीही परवानगी नाही. कारण एकट्याला स्वतःचा सोबती व्हावे लागते, आणि ती कला दुसऱ्याचा सोबती होऊनच येते.

तथापि येथे एक अवघड गोष्ट उभी राहते. सोबती केवळ हवा देत नाही. तो न्यायही करतो. माणूस बहकला तर त्याच्या दंडाला धरून वर चल म्हणणारा तो असतो. स्वतःच स्वतःला कसे सांगायचे? पाण्याखाली हा प्रश्न फार भीषण रूप घेतो. सुमारे तीस मीटरांच्या पुढे दाबाखालील नत्रवायू मेंदूवर दारूसारखा चढू लागतो. कुस्तो आणि त्यांचे सहकारी याला खोलीची धुंदी म्हणत. या धुंदीत माणसाला आपण अगदी ठीक आहोत असेच वाटते. १९४७ साली फ्रेंच नौदलातील त्यांचे सहकारी मॉरिस फार्ग खोलीची मर्यादा पाहण्यासाठी दोराच्या आधाराने उतरले. दोरावर ठिकठिकाणी पाट्या बांधल्या होत्या. ज्या पाटीपर्यंत पोचाल तिच्यावर खूण करायची. वर माणसे होती, दोर होता, इशारे ठरलेले होते. इशारे थांबले तेव्हा त्यांना वर ओढले गेले. पण ते शुद्धीवर आले नाहीत. १२० मीटरांवरच्या पाटीवर त्यांची खूण सापडली. इतक्या सोबतीतही जेथे असे झाले तेथे एकट्याची काय कथा!

याचा अर्थ असा की ज्या बुद्धीने परत फिरण्याचा निर्णय घ्यायचा तीच बुद्धी तेथे भ्रष्ट होते. न्यायाधीशच धुंदीत असेल तर निकाल आधीच लिहून ठेवावा लागतो. म्हणून हवेचा काटा अमुक आकड्यावर आला, किंवा घड्याळात अमुक मिनिटे झाली, की वर यायचे, हे किनाऱ्यावर, कोरड्या अंगाने, शुद्धीत ठरवायचे आणि खाली त्याचा फेरविचार करायचा नाही. समोर कितीही सुंदर मासा आला तरी नाही. आम्हांला एकट्याच्या तयारीचा सर्वांत अवघड भाग हाच वाटतो. दुसरे नळकांडे पैशाने मिळते, हाताचा सराव वेळ देऊन होतो. पण कोणी पाहत नसताना, कोणी विचारणार नसताना, किनाऱ्यावर स्वतःला दिलेला शब्द पाळून मागे फिरणे हे चारित्र्याचे काम आहे. जगात कोणालाच कळणार नाही असे हे धैर्य आहे. त्याचे छायाचित्र निघत नाही.

धैर्याविषयी आपली कल्पना एकूणच एकांगी असते. भीती न वाटणे म्हणजे धैर्य असे आपण मुलांना शिकवतो. संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र धैर्याच्या विरुद्ध जाणाऱ्या दुर्गुणांत भित्रेपणा आणि अविचारी धाडस यांच्याबरोबर निर्भयतेचीही गणना केली आहे. जेथे भ्यायला हवे तेथे न भिणे, हा त्यांच्या मते दोष. कारण ज्याला गमावण्याची भीती नाही त्याचे आपल्या जीवावर, देवाने दिलेल्या ठेव्यावर, हवे तेवढे प्रेमच नाही. आणि विवेकाचे घटक सांगताना ते स्मरण, दुसऱ्याकडून शिकण्याची तयारी, दूरदृष्टी, सभोवार पाहणे, सावधपणा अशी नावे घेतात. तेराव्या शतकातील या मठवासीयाने समुद्रात उतरण्याचे शास्त्र पाहिले नव्हते. पण त्या अभ्यासक्रमाची पाने उलटताना हीच यादी वाचत असल्याचा भास आम्हांला झाला. तयारी न करता 'देव पाहून घेईल' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मंदिराच्या शिखरावरून उडी मारण्याची सूचना प्रभूला कोणी केली होती, हे त्यांनी आठवावे.

एकट्याने समुद्राला सामोरे जाण्याच्या तयारीचा आपल्याकडचा सर्वांत मोठा धडा पाण्याखालचा नसून पाण्यावरचा आहे, आणि तो मुंबईच्याच बंदरातून सुरू झाला. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या मनात एक कल्पना होती, ती म्हणजे भारतीय माणसाने भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी ते काम अंगावर घेतले ते २००६ साली; प्रत्यक्ष मुंबईहून निघाले ते १९ ऑगस्ट २००९ रोजी. मधली तीन वर्षे तयारीची. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' आकाराला येत होती. १९६८-६९ साली न थांबता एकट्याने प्रदक्षिणा करणारे पहिले दर्यावर्दी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन दोंदे शिकून आले. मॉरिशसपर्यंत चाचणी सफर झाली. मग चार बंदरांत थांबत, नऊ महिन्यांनी, मे २०१० मध्ये ते मुंबईस परतले. नऊ महिन्यांच्या एकटेपणासाठी तीन वर्षांची अनेकांची संगत! या हिशेबापुढे सुट्टीच्या दोन दिवसांत जोडीदार मिळाला नाही म्हणून होणारी चिडचिड किती लहान वाटते.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोंदे यांच्या तयारीत हातभार लावणारे आणि पुढे २०१२-१३ मध्ये न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण करणारे अभिलाष टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरातील वादळात त्यांच्या 'थुरिया' नौकेची डोलकाठी मोडली, पाठीला जबर इजा झाली आणि त्यांना उठताही येईना. त्यांच्या अनुभवात आणि तयारीत कोणी खोट काढू शकणार नाही. तरीही पुढचे तीन दिवस अनेक देशांचे लोक त्यांच्यासाठी धडपडत होते. विमाने शोध घेत होती. त्याच वादळात स्वतःची डोलकाठी गमावलेला आयरिश स्पर्धक ग्रेगर मॅकगुकिन त्यांच्या दिशेने यायला निघाला. अखेर 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने २४ तारखेला त्यांना उचलले. टॉमी बरे झाले, २०२२ साली पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि दुसरे आले. आम्ही हे त्यांना दोष देण्यासाठी लिहीत नाही. एकट्याच्या साहसाचा हिशेब एकट्यात मिटत नाही, एवढेच येथे दिसते. आपण निघालो की आपल्याला शोधायला निघणाऱ्यांचाही जीव आपण त्या तराजूत टाकलेला असतो, मग आपण त्यांना ओळखत असू वा नसू. टॉमी यांच्या हाताशी संदेश पाठविण्याचे साधन होते, आपण कोठे आहोत हे ते कळवू शकले. म्हणून शोधणारे नेमक्या जागी गेले. तयारीतील हा भाग स्वतःच्या जिवासाठी जेवढा, तेवढाच परक्याच्या जिवासाठी असतो.

मग त्या तरुणाच्या प्रश्नाला उत्तर काय? आमचे मत असे की पूर्ण तयारी असलेल्या, प्रौढ माणसाने मर्यादेत राहून एकट्याने उतरणे हे स्वभावतः अनैतिक नाही. डोंगरात एकटा जाणारा, रात्री एकट्याने होडी हाकणारा, प्रयोगशाळेत एकटा बसणारा यांना आपण पापी म्हणत नाही. परंतु तीस डुबक्यांच्या शिदोरीवर, जोडीदार मिळाला नाही या रागातून उतरणे हे अनैतिक आहे, जरी तो सुखरूप वर आला तरी. सुखरूप येणे हा काही तयारीचा पुरावा नव्हे. पुष्कळदा तो केवळ त्या दिवशीच्या शांत समुद्राचा पुरावा असतो. आणि ज्याच्या घरी त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे आहेत त्याने आणखी एक गोष्ट करावी : त्यांना विचारावे. परवानगी मागावी असे आम्ही म्हणत नाही. आईची परवानगी बहुधा मिळणारच नाही. पण आपली तयारी तिला समजेल अशा भाषेत समोर बसून सांगावी. जी तयारी आईला सांगताना जीभ अडखळते ती अपुरी आहे, असे खुशाल समजावे.

वाचक म्हणतील, आमच्या घरात कोणी समुद्रात उतरत नाही, मग हे सारे कशासाठी? आजूबाजूला पाहावे. गिरगावच्या चाळी आणि वाड्या रिकाम्या होत आहेत. मुले वसईला, मीरा रोडला, कॅनडाला गेली. जुन्या खोलीत एक म्हातारे माणूस मागे राहिले. हेही एकट्याने पाण्यात उतरणेच आहे, आणि त्याचे शिक्षण कोणी देत नाही. आमच्या शेजारच्या वाडीत एक वृद्ध मावशी राहतात. त्यांनी आपल्या बुद्धीने एक व्यवस्था लावली आहे. खोलीची दुसरी किल्ली समोरच्या बिऱ्हाडात. सकाळी सात वाजता त्या रस्त्याकडची खिडकी उघडतात. साडेसातपर्यंत खिडकी उघडली नाही तर समोरच्यांनी हाक मारायची, ओ आली नाही तर किल्लीने दार उघडून आत यायचे. संकोच करायचा नाही. औषधांची यादी आणि मुलाचा फोन नंबर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. न्हाणीघराला आतून कडी लावणे त्यांनी सोडून दिले आहे. स्वावलंबी पाणबुड्यांच्या वर्गात या मावशींनी पहिला क्रमांक पटकावला असता. त्या एकट्या राहतात, पण कोणाच्याही नजरेबाहेर राहत नाहीत.

ज्याच्या हाती दुसरी किल्ली, त्याच्याविषयी मात्र आपण फार कमी बोलतो. दक्षिणेत तूतुकुडीच्या किनाऱ्यावर मोत्यांसाठी बुडी मारणारे परवर लोक सोळाव्या शतकापासून कॅथॉलिक आहेत. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर त्यांच्यात येऊन राहिले. पूर्वी त्यांचा पाणबुडा पायाशी दगड बांधलेल्या दोरीने तळ गाठी, आणि त्याचा दोर वर नावेत दुसऱ्या माणसाच्या हाती असे. हा दोर धरायला बायकोच्या भावालाच बसवीत, असे तिकडे सांगतात. बहीण विधवा होऊ नये म्हणून मेहुण्याचा हात ढिला पडणार नाही, हा त्यामागचा व्यवहार. खाली गेलेल्याची कौशल्ये सगळ्यांना दिसत. वर बसलेल्याचे काम फक्त लक्ष न हलवण्याचे.

आजच्या एकट्या पाणबुड्याला दोर नसतो. त्याच्या जागी एक कागद असतो. कोठे उतरणार, किती वाजता, किती खोल, किती वाजता वर येणार, आणि किती वाजेपर्यंत आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे त्यावर लिहून तो किनाऱ्यावरच्या माणसाच्या हाती द्यावा लागतो. त्या माणसाचीही तयारी हवी. ठरलेली वेळ टळली की 'आणखी दहा मिनिटे पाहू' असे म्हणायचे नाही. घाबरून स्वतः पाण्यात उडी घ्यायची नाही. बुडणाऱ्यामागे धावून बुडालेल्यांच्या बातम्या दर पावसाळ्यात आपण वाचतो. जवळच्या नावेला हाक द्यायची, तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फिरवायचा, आणि कागदावरचे जसेच्या तसे वाचून दाखवायचे. तेवढ्यात तो पन्नास हातांवर वर आला, मुखवटा काढून हसू लागला आणि ''उगाच का गडबड केलीत?'' म्हणाला, तर ओशाळायचे नाही. पुढच्या वेळीही त्याच मिनिटाला फोन उचलायचा.